अजिबात नाही

शिवणवालीने मशीन संडासाच्या दाराला खेटून मांडलं, त्याला सहा वर्षं झाली. आधी खोकलं की लघवी सुटायची, मग न खोकताही सुटायला लागली. हळूहळू बस बंद झाली, लग्नकार्यं बंद झाली. घोटभर पाणी प्यायचं तरी जिवावर यायचं. नवऱ्याने अंथरूण पलीकडच्या खोलीत नेलं, तेही तिने मुकाट्याने गिळलं.

पण आता लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, घरात सासू नाही, आणि गाव बसने आठ तासांवर. "आई, येशील ना गं?" रोजचा फोन. ऑपरेशन झालं तरच जाता येणार होतं. म्हणून बाई लाज गुंडाळून ठेवून, कालपासून पाण्याला न शिवता, चालत दवाखान्यात आली.

नर्सने हातात प्रश्नांचा कागद दिला. "मावशी, खरंखरं लिहा हं. गेल्या महिन्याचंच. याच्या गुणांवरूनच ऑपरेशनचं ठरतं."

आता खरं लिहिण्याच्या बाबतीत हिला कोण शिकवणार! जन्मभर मापं घेतली, अर्ध्या इंचाची लबाडी केली नाही.

लघवीमुळे प्रवासात अडचण आली? प्रवास केलाच कुठे! 'अजिबात नाही'वर खूण. चारचौघांत लाज वाटली? चारचौघांत ती गेलीच नव्हती. अजिबात नाही. कामात खोळंबा? मशीन दाराशीच. अजिबात नाही. नवराबायकोच्या संबंधांत बाधा? बाधा कसली डोंबलाची, तो पलीकडे घोरतोय! अजिबात नाही.

नर्सने बेरीज केली आणि खुलली. "शंभरात चौदा! अहो, तुमचं छान चाललंय की! ऑपरेशनला साठ लागतात. व्यायाम लिहून देते, सहा महिन्यांनी पुन्हा भरू."

बाईने कागदावर बोट ठेवलं. "अगं, पण मी घराबाहेर पडतच नाही, म्हणून..."

"म्हणजे त्रास नाहीच ना? आणि आता ते कॉम्प्युटरवर चढलंय, मावशी. चला, मागे रांग आहे."

ती उठली. खुर्ची ओली झाली होती. कुणी बघायच्या आत तिने रुमालाने पुसली आणि मान खाली घालून बाहेर आली. मेलं हे जगणं, असं आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

दारातच फोन वाजला. लेकच होती. तिला एवढंच माहीत होतं, की आई तपासायला गेलीये.

"काय म्हणाले गं डॉक्टर?"

"छान आहे म्हणाले."

"हुश्श! मग यांना आजच तिकीट काढायला सांगते."

बाईने ओला रुमाल मुठीत आवळला. "नाही गं जमायचं. शिवणाची कामं पडलीयेत."



"बरं," लेक म्हणाली. "आता नाही विचारणार."