गोबीचा पहारा

रायपूरपासून समुद्र फार लांब. माझा मात्र आमच्या रेल्वे क्वार्टरमध्येच होता, काचेच्या टाकीत. तळाला पांढरी वाळू, वाळूत बीळ, बिळात एक कोळंबी आणि दारात बसलेला बोटाएवढा गोबी मासा.

सासूबाई अभनपूरहून पहिल्यांदा आल्या तेव्हा माशाचं नाव ऐकून हसल्या होत्या. “गोबी? मंग भाजी कर ना वं त्याची!”

गोबी फारसा पोहत नाही. पोटाखालच्या परांवर टेकून तळाशी बसतो. डोळे डोक्यावर, चौफेर लक्ष. कोळंबीला नीट दिसत नाही. ती दिवसभर वाळू उपसून दोघांचं बीळ टिकवते, पण बाहेर येताना एक मिशी गोबीच्या शेपटीवर ठेवूनच. शेपटी थरथरली की ती आत. लग्नाआधी हे सगळं मी प्रशिकला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, “मग आपल्या घरातला गोबी मी.”

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात नागपूरला गेले. जाताना बजावलं, “पाणी उडून कमी झालं की फिल्टरचं साधं पाणी टाकायचं. मीठ नाही. मीठ उडत नाही, मागेच राहतं.”

“हव हव,” प्रशिक म्हणाला.

रोज संध्याकाळी फोन.

“माझी कोळंबी?”

“सब ठीक. थांब, व्हिडिओ पाठवतो.”

लेक झाल्यावर तिला पाजता पाजता मी ते व्हिडिओ पाहायची. कोळंबी वाळू ढकलते आहे, मिशी शेपटीवर. तेवढं पाहिलं की जीव थंड व्हायचा.

अनुश्री मान धरू लागली तेव्हा घरी परतले. सोमवारपासून माझं कॉलेजात शिकवणं सुरू. प्रशिकची रात्रपाळी, म्हणून दिवसा लेक त्याच्याजवळ, असं ठरलेलं होतं.

आल्या आल्या तिला कडेवर घेऊन टाकीपाशी गेले. “हे बघ, तुझी कोळंबी मावशी दाखवते.” गोबी एका दगडाखाली दडून बसलेला. बीळ नव्हतंच. वाळू सपाट.

“आत असेल,” प्रशिक मागून म्हणाला. “लाजते.”

रोज उपसलं नाही तर बीळ ढासळतं. हे त्याला मीच सांगितलेलं. मी फोन काढला, शेवटचा व्हिडिओ लावला आणि या वेळी कोळंबीकडे नाही, काचेकडे पाहिलं. काचेत माझं प्रतिबिंब उभं होतं. पिवळा गाऊन, पुढे आलेल्या पोटावर हात. नागपूरला जायच्या आधीची.

“कधी मेली?”

तो अनुश्रीचं झबलं घडी करत राहिला. “तू गेली, त्याच्या थोड्याच दिवसांनी. मी मिठाचं पाणी टाकून राहिलो होतो. मले वाटलं, समुद्राचं आहे तर खारंच टाकावं ना.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“तू तिकडे, तशा हालतमध्ये. टेन्शन कशाले देऊ? अन् एक झिंगाच तर होता यार.”

मिठाची चूक मी तेव्हाच माफ केली असती. थोडी रडले असते, एवढंच. पण मी रोज विचारत राहिले आणि हा रोज जुना व्हिडिओ शोधून पाठवत राहिला. माझ्याच प्रतिबिंबासकट.

“उद्या अनुश्रीला ताप आला, अन् मी वर्गात असले तर?”

“पोट्टीची गोष्ट अलग आहे ना!”

“कशी अलग?”

त्यानं घडी केलेलं झबलं पुन्हा उलगडलं.

सुट्टी संपलेली, जाणं भाग होतं. सोमवारी तास आटोपून व्हरांड्यातून फोन लावला.

“झोपली आहे. सब ठीक.”

नेमके तेच दोन शब्द. पुढचा तास माझ्या विभागातल्या लता मॅडमच्या गळ्यात घातला आणि ऑटो केला. रस्ताभर ऑटोवाल्याला “भैया, जल्दी” म्हणत होते.

दार नुसतं लोटलेलं. अनुश्री पाळण्यात, इवल्या मुठी उघड्या टाकून गाढ झोपलेली. प्रशिक पाळण्याची दोरी बोटाला गुंडाळून खाली बसलेला, रात्रपाळीनं डोळे लाल. मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

“आज तर खरं सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“हव.”

तरी मी वाकले, लेकीच्या नाकासमोर बोट धरलं आणि तिचा ऊन श्वास बोटाला लागेपर्यंत तसंच धरून ठेवलं.