हात द्यायला तिकडे कोण

इकडून: काठाला लागली नाव, नवरी निघाली,
हात द्यायला तिकडे कोण गं उभी?

तिकडून:

तिकडून काही नाही. पलीकडची गेल्या हिवाळ्यात गेली.

पलीकडची हे काही तिचं नाव नव्हे. पण शिवणवाल्या आत्याने तिला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. पूर्वी लग्न लागलं की नवरी नावेतून नदीपार जायची. नाव सुटताना इकडच्या काठाने गाण्यात विचारायचं, तिकडच्या काठाने उत्तर द्यायचं. इकडून आत्या, तिकडून ती. उभा जन्म दोघी पाण्यावरूनच बोलल्या. समोरासमोर भेटल्या दोनदा, तेव्हा दोघींनाही काही सुचेना.

आता नाव नाही, पूल आहे. नवरी गाडीतून जाते. तरी भाची हटून बसली, माझ्या लग्नात ते गाणं हवंच.

आत्या तिच्या लग्नाच्या कपड्यांची कंबर आवळत होती. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "अर्धंच आहे माझ्याकडे."

"अर्धं तर अर्धं."

"नुसतं विचारायचं आणि गप्प बसायचं? तुझं तिकडे कुणी नाही, असं चारचौघांत सांगितल्यासारखं होईल ते."

आत्याचा भाऊ, नवरीचा बाप, दारात चहा पीत उभा होता. त्याने तोडगा काढला, की तिकडच्या ओळीही तुला पाठ आहेत, तूच गा दोन्ही. वर म्हणाला, "एकटीने बोलायची सवय आहेच तुला."

खोटं नव्हतं. आत्याने टाचण्या परत तोंडात धरल्या.

पण आपणच विचारायचं, आपणच उत्तर द्यायचं, हे तिच्या मनाला पटेना. उत्तर तिकडूनच यायला हवं. म्हणून तिने भाचीलाच पहिला प्रश्न शिकवला. म्हणाली, काठावर जाऊन विचार, उत्तराचं मी बघते. दुसरा प्रश्न शिकवायच्या आत पाहुणे येऊन थडकले आणि पोर हातची सुटली.

इकडून: लाउडस्पीकर.

तिकडून: आत्या.

लग्नाची जेवणं चालू असताना ती कुणालाही न सांगता पूल ओलांडून गेली. पलीकडची उभी राहायची त्या सपाट दगडावर चढली, मागे वळली, आणि ऊन थेट डोळ्यांत घुसलं. समोरचा काठ दिसेचना. माणसं नुसत्या सावल्या. आत्याला आपल्या काठावरून पलीकडची लख्ख दिसायची, हसताना दातसुद्धा. आणि हिला? इतकी वर्षं ही उन्हालाच उत्तर देत होती. कधी तसं बोलली नाही.

लाउडस्पीकर बंद झाला. सावल्यांतून एक बारीक, भेदरलेला आवाज आला. सूर चुकला, पण प्रश्न नीट पोचला.

आत्याने बाह्या सारल्या.

तिकडून: मी उभी, मी उभी, बाह्या सारून,
घेते तिला चिखलातून उचलून.

समोर टाळ्या वाजल्या. कुणाला वाटलं, झालं गाणं. लाउडस्पीकर पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने गाडी पुलावर आली, आत्याच्या डोक्यावरून सरळ निघून गेली. काचा वर होत्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. तिसऱ्याचंही. ऊन उतरून समोरचा काठ स्वच्छ दिसायला लागला, तेव्हा तिथे खुर्च्या उचलणारी माणसं तेवढी राहिली होती. आत्या बाह्या सारून उभीच होती.