बंद दाराआडची कानउघाडणी

यशवंतरावांचा आवाज मोठा होता आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. चिंचवडच्या बाहेर, नदीकाठच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात ते पुण्याहून येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना शिकवत. कुणी चुकलं की भर वॉर्डात, साऱ्या खाटांच्या देखत त्याची हजेरी घेत. पोरं चळचळा कापत. एक जण तर रडत निघून गेला तो परत आलाच नाही, आणि त्याच्या वडिलांची ओळख नेमकी वरपर्यंत होती.

मग सत्तावन्न साली नवे अधीक्षक म्हणून नानासाहेब आले. विलायतेत शिकून आलेले, बोलणं लोण्यासारखं मऊ. त्यांनी दर शनिवारी वर्ग सुरू केला, तोही शिकवणाऱ्या डॉक्टरांचाच. पन्नाशी उलटलेली माणसं बाकावर बसवली आणि शिकाऊ डॉक्टरचं वागणं चुकलं तर ते त्याला कसं सांगावं, हे शिकवायला घेतलं. चारचौघांत बोलू नका, खोलीत बोलवा. आधी त्याचं चांगलं काय ते सांगा. चुकीला नावं ठेवा, माणसाला नको. चहा मागवलात तर फारच उत्तम.

यशवंतराव सुरुवातीला तोंड वाकडं करून बसत. पण एका शनिवारी तो रडत गेलेला मुलगा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि आपलं चुकलंच, हे त्यांना पटलं. माणूस सरळ होता. पटलं की बदलायचा, आणि तिथेच घात झाला.

बायकांच्या वॉर्डात रहाटणीची सोजराबाई होती. मागल्या वर्षी तिचा धाकटा मुलगा याच खोकल्यानं गेला होता. स्वतःला मात्र तिनं वेळेत आणलं होतं. सुया लागू पडत होत्या, अंग धरत होतं. आणखी काही महिने सुया घेतल्या की ती बरी होऊन घरी जाणार, असं यशवंतरावांनीच तिच्या नवऱ्याला, भैरूला, सांगितलं होतं.

त्या सकाळी फेरीच्या वेळी तिच्या थुंकीच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं. मालोजी नावाचा शिकाऊ डॉक्टर होता, हुशार पण जिभेला हाड नसलेला. तो साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा म्हणाला, "असंच घरभर थुंकलीस ना? पोराला तूच मारलंस. आता इथल्या बायकांना मारणार का?"

सोजराबाईनं मालोजीकडे पाहिलंच नाही, यशवंतरावांकडे पाहिलं. साऱ्या बायकांनीही तिकडेच पाहिलं, कारण आता काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. यशवंतरावांच्या कपाळाची शीर फुगली. तोंड उघडलं, आणि शनिवार आठवला. त्यांनी ते मिटलं.

"फेरी झाली की माझ्या खोलीत या," एवढंच मालोजीला म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

खोलीत सगळं वर्गात शिकवल्यासारखं पार पडलं. दार लोटलं, चहा आला, एक्स-रे वाचण्याची तारीफ झाली. मग यशवंतरावांनी सांगायचं ते सांगितलं, हळू आवाजात, एकही अपशब्द न काढता. मालोजीचे डोळे भरून आले. "मी उद्या बाईंची माफी मागतो, सर," तो म्हणाला. यशवंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे बाहेर आले. इतक्या वर्षांत आपण पहिल्यांदाच नीट शिकवलं, असं त्यांना वाटलं.

सकाळी सोजराबाईची खाट रिकामी होती.

"काल सांजच्याला दादल्यासंगं गेली," वॉर्डातली आया दुर्गाबाई म्हणाली. "लई आडीवलं, साहेब. तुमच्या खोलीत च्या गेलेला तिनं बघितला. म्हनली, मोठ्या डागदरला बी तेच वाटतंय, म्हून तर गप ऱ्हायला. आन वर त्याला च्या पाजला."

यशवंतराव मालोजीला घेऊन तसेच रहाटणीला गेले. मालोजीनं अंगणात हात जोडले, मनापासून माफी मागितली. सोजराबाई दारात बसून ऐकत होती.

"हितं म्हनून काय उपेग?" ती म्हणाली. "हितं मला कोन बोललंवतं? साऱ्या बायांम्होरं बोलला, तितं म्हनायचं हुतं."

"मग चला ना तिथे. आत्ता सगळ्यांसमोर म्हणतो," यशवंतराव म्हणाले. ते अक्षरशः गयावया करत होते.

"न्हाई जी. त्या बायांत मी आता तोंड न्हाई दाखवनार."

सुया थांबल्या. शनिवारच्या वर्गात नानासाहेबांनी यशवंतरावांचं उदाहरण सगळ्यांपुढे ठेवलं. किती सुंदर काम, मुलगा पार बदलला म्हणाले, आणि ते खरंच होतं. यशवंतरावांनी विचारलं, "आणि तुझं काही चुकलं नाही, हे बाईला कुणी सांगायचं होतं?" नानासाहेब हसले. "तो निराळा विषय झाला, डॉक्टर." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून यशवंतरावांना स्वतःची किळस आली.

थंडी सरता सरता भैरू एकटाच आला. बायकांच्या वॉर्डाच्या दारात उभा राहिला. "ती गेली, साहेब. सांगावं म्हून आलो."

यशवंतराव वॉर्डाच्या मधोमध होते. मालोजी शेजारीच होता. यशवंतरावांनी जुना आवाज काढला, भिंतींना धडकणारा. सोजराबाईचं काही चुकलं नव्हतं, तिनं कुणाला मारलं नव्हतं, ते बोलणं खोटं होतं आणि मी गप बसलो ते त्याहून वाईट होतं, असं ते सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं बोलले. बायका उठून बसल्या. मालोजीनं मान खाली घातली.

भैरूनं सगळं ऐकून घेतलं. डोक्याचा पटका सारखा केला.

"तवा बोलायचं हुतं, साहेब," तो म्हणाला, "तवा ती हितंच बसलीवती."