उष्टा नान

सोराने खिळ्यावरचा नान उतरवला, नाकाशी धरला आणि उजेडाकडे तिरपा केला.

"अगं, ठेव तो जागेवर!" हाजरच्या मांडीवरचं कोषांचं सूप हललं. "दूर गेलेल्या माणसाने निघताना घास घेतलेला उष्टा नान आहे तो. माझ्या तुर्सूनने परत येऊन उरलेला खाल्ला, की मगच उतरायचा."

"तेच तर बघतेय."

मर्गिलानच्या त्या अंगणात गल्लीतल्या पाच-सहा बाया रेशमाचे कोष निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. सोरा मढी धुणारी; एरवी तिला कुणी कणकेला बोट लावू देत नसे. पण कुणाची कोंबडी नाहीशी झाली, कुणाचं कानातलं हरवलं, की बोलावणं तिलाच जाई. परवाच तिने रुझवानची अंगठी नणंदेच्या वेणीतून काढून दिली होती, आणि तेव्हापासून ती जरा ताठ चालत होती.

आज तिला हाजरच्या धाकट्या सुनेने, नोरबीबीने, गाठलं होतं. पातशहाच्या सक्तीच्या मजुरीवर दूर नेलेले पुरुष परतू लागले होते. तिचा नवरा, तुर्सून, आला नव्हता. सासू काही बोलत नव्हती. 'जिवंत आहे की नाही, एवढंच शोधून द्या, मावशी.'

"मावशी, आता नानालाही आंघोळ घालणार का?" रुझवान म्हणाली. बाया खिदळल्या.

"तुर्सून गेला शरदात," सोरा म्हणाली. "आणि हा ठसा बघा, आठ पाकळ्यांचा. हाजरने तो साचा यंदा वसंतात, नवरोजच्या बाजारात घेतला, मी बरोबर होते. शरदातल्या नानावर वसंतातला ठसा उमटला कसा?"

"सोरा, पुरे," हाजर हळूच म्हणाली.

पण सोराला आता चव लागली होती. तिने नान फिरवला.

"आणि हा चावा. तुर्सूनचे दात खरबुजाच्या बियांसारखे, एका ओळीत. इथे मधे फट आहे. हाजर, जरा हास बघू."

हाजरने तोंडावर रुमाल धरला. त्याआडूनच म्हणाली, "हिवाळा सरताना एक जण आला होता. म्हणाला, पहिल्या बर्फातच गेला तुर्सून, रानात लाकडं तोडताना. त्याचा नान मी पाखरांना चुरून घातला."

नोरबीबीच्या मुठीतला कोष चपटा झाला.

"मी रोज त्यांचा पेला धुऊन ठेवत होते, आई. तुम्ही बघत होतात."

हाजर सोराजवळ सरकली.

"माझ्या थोरल्याची, एर्गशची बायको गेल्या वर्षी विहिरीत पडली. तिला तूच न्हाऊ घातलंस ना गं? काय दिसलं होतं अंगावर?"

धुणारीला दिसलेलं पाण्याबरोबर वाहून जातं, ही त्या कामाची रीत, आणि ती सोराने पाळली होती. बरगड्यांवरची माराची जुनी-नवी वळं तिने बघितली होती, सगळी.

"तेव्हा तोंड मिटलंस," हाजर म्हणाली. "विधवा झाली की थोरला दीर तिच्याशी निकाह लावतो; नवरा जिवंत आहे तोवर बाईला त्याच्या घरात कुणी घालत नाही. म्हणून नवा नान भाजून मीच चावला. माझ्याच पोराच्या भीतीने."

दाराशी कुणी खाकरलं. कोषांचं पोतं पाठीवर घेऊन एर्गश उभा होता. केव्हापासून कोण जाणे. त्याने पोतं अलगद खाली ठेवलं, छातीवर हात ठेवून सोराला सलाम केला.

"नवरा गेल्यावर दुसऱ्या निकाहाआधी बाईने किती थांबायचं असतं, मावशी? तुम्हाला ठाऊक असेल."

"चार महिने दहा दिवस." कितीतरी घरांत सांगून तोंडात बसलेलं वाक्य. ते निघून गेलं.

"मेल्यापासून की कळल्यापासून?"

सोराने ओठ ओले केले.

"कळल्यापासून," ती म्हणाली. "आजपासून."

"अहो, काहीतरीच!" रुझवान उत्साहाने पुढे सरकली. "माझ्या आत्याच्या वेळी मुल्लांनी स्वतः सांगितलं, मेल्यापासून. पहिलं बर्फ म्हणजे..." ती बोटांवर महिने मोजू लागली. "केव्हाच झाले की! बघा गं, सोरामावशीसुद्धा चुकतात."

बाया हसल्या. एर्गशही हसला, अदबीने.

"नोर," त्याने बायकोला मारावी तशी हाक मारली, "हातावर पाणी घाल जरा."

नोरबीबी उठली.