पुन्हा पहिल्या डबक्यापाशी

मित्रांनो, आधीच एक विनंती करते. मला हातात घेतलंत तर घट्ट धरा. मी एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे, आणि जात्याच भित्री आहे.

कारखान्यात माझ्या पोटात एक हिरवा बेडूक घातला आणि त्याने कुठवर मजल मारली हे लक्षात ठेवायला बटणाएवढा सेल बसवला. शेजारच्या कॅसेटी आपली चकचकीत चित्रं मिरवत होत्या. मला मात्र तेव्हापासून एकच घोर लागला, हा सेल संपला तर माझं काय होईल?

मला आणलं एका छोट्या मुलीसाठी, पण खरी खेळायची ती तिची आई. मुलगी शाळेत गेली, भांडी आवरली, की आई टीव्हीसमोर मांडी ठोकायची. डाव्या अंगठ्याने बेडूक पळवायचा, उजव्याने उडी मारायची. डबकी, काटे, घसरत्या फांद्या ती हसत हसत पार करायची.

"आई, तू परत माझ्या पुढे गेलीस! हे चीटिंग आहे!" मुलगी दारातूनच ओरडायची.

शेवटची सापाची विहीर तेवढी राहिली होती. तिच्या तोंडाशी आईने बेडूक आणून ठेवला, आणि मग घर बदललं, मुलगी मोठी झाली. मी माळ्यावरच्या खोक्यात गेले. तिथे अंधार होता, झुरळं होती. त्याहून भीती वाटायची ती सेलची. वर्षं सरत होती आणि तो आतल्या आत ओसरत होता.

एके दिवशी खोकं उघडलं. मुलगी आता नोकरीवर जाणारी बाई झाली होती. आई खुर्चीत बसली होती आणि तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. तिला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी दिलेला मऊ चेंडू ती दाबायला तयार नव्हती. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणायची. म्हणून लेकीला माझी आठवण झाली.

लेकीने मला फुंकर मारून टीव्हीला जोडलेल्या गेमच्या यंत्रात बसवलं. बेडूक थेट सापाच्या विहिरीपाशी उभा राहिला. आईचा चेहरा उजळला. तेवढ्यात साप आला. उजवा अंगठा हललाच नाही. बेडूक खलास. पुन्हा लावला, पुन्हा खलास.

"आई, पहिल्यापासून सुरू कर ना. सोपं जाईल."

"मी परत पहिलीत बसू? इथवर मीच आणलाय त्याला."

रोज हेच व्हायला लागलं. जॉयस्टिक रोज आधीपेक्षा लवकर खाली ठेवली जायची. एका दुपारी तर आईने ती ढकलूनच दिली. "ठेवून दे ते. माझ्याच्याने आता काहीच होणार नाही." लेक उठली. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. मला धडकी भरली. आईने कायमचा नाद सोडला तर?

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "एकदाच खेळ. शेवटचं." तिने बटण दाबलं, आणि मित्रांनो, मी ज्याला जन्मभर भ्याले तेच झालं. सेल संपला होता. विहीर नाही, साप नाही, पडद्यावर फक्त 'नवा खेळ'. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मला उपसून काढलं आणि फुंकरीवर फुंकर मारत सुटली.

"फुंकू नकोस. गेलं ते," आई म्हणाली.

आता कचऱ्याची बादली, मी मनाशी म्हटलं.

"लाव तरी. सुरुवात कशी होती तेही विसरलेय मी."

पहिलं डबकं आलं. बेडूक बुडाला.

"बेडूक असून डबक्यात मरतो! कुणी बनवलाय हा खेळ?" आई हसली. लेकही हसली. बेडूक बुडतच राहिला, पण या वेळी जॉयस्टिक कुणी खाली ठेवली नाही. आणि मग उजवा अंगठा वाकला. जरा उशिराने, पण वाकला. बेडूक पलीकडच्या काठावर पोचला. आई आपल्या अंगठ्याकडेच बघत बसली. तोवर एका खेकड्याने बेडकाला खाऊन टाकलं, पण कुणाचं लक्षच नव्हतं.

लेक नवा सेल बसवून आणणार होती. आईने हात हलवून नको म्हटलं. "रोज पहिल्यापासूनच खेळते." आता बेडूक काल कुठे होता ते मला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं, म्हणून तर सांगते आहे.

मित्रांनो, जुन्या कॅसेटला फुंकर मारू नका, तोंडाच्या दमटपणाने गंज चढतो. कोरड्या कापडाने पुसा. आणि कुणी पहिल्याच डबक्यात पडत असेल, तर त्याच्या हातातली जॉयस्टिक हिसकावू नका. शेजारी बसा. आमची लेक तशी बसते.

काल मात्र लेक यायच्या आधीच आईने मला उचललं. उजव्या हाताने. हात थरथरत होता, मीही थरथरत होते. खाली टणक फरशी होती. तिची बोटं एकदा सैल पडली आणि माझा जीव गेलाच होता. मग खटकन आवाज झाला. मी यंत्राच्या खाचेत बसले होते.