दुर्बिणीला हळदकुंकू

हरीओमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर हळदीची दोन बोटं उठली होती, वर कुंकू, कुंकवात तांदूळ, आणि नळीला झेंडूचा हार.

"माय! हे कोनं केलं?"

घरात दोघंच राहत असताना हे विचारणं म्हणजे भांडण उकरून काढणंच. तुळसाबाई पदराला हात पुसत परसातून आल्या. "दसरा हाये आज. फटफटीले लावलं, इळ्याले लावलं. तुह्या दुर्बिणीनं काय पाप केलं?"

"झाकण होतं ना तिच्यावर!"

"म्या काढलं. देवाचं तोंड झाकून कोनी पूजा करते काय?"

मालेगावच्या नव्या वस्तीत, घरामागं, सरकत्या टिनांच्या छताची ही खोली हरीओमनं हौसेनं बांधली होती. गणपतीपासून तो हंस नक्षत्रातल्या एकाच तेजोमेघाच्या मागं लागला होता. मरत्या ताऱ्यानं सोडलेला वायू, साबणाच्या फुग्यासारखा गोल, आणि इतका फिका की कित्येक रात्रींचा उजेड साठवावा तेव्हा कुठं फोटोत कड दिसावी. ती कड नुकती उमटू लागली होती. उरलेलं काम दिवाळीच्या अंधारात करायचं, कारण त्यानंतर हंस पश्चिमेला बुडाला की थेट पुढचं वर्ष.

"या खोलीत पाय ठेवू नको म्हनलं होतं ना तुले!"

"म्हनून तर दसऱ्याले आली. वर्सातून एकडाव."

तो आणखीनच पेटला. काच कोरडी पुसू नये, आधी धूळ उडवावी, मग ओल्या कापसानं हळूच टिपावं, हे तो शाळेत पोरांना सूक्ष्मदर्शक हाती देताना ओरडून सांगायचा. पण राग आंधळा असतो. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि काच खसाखसा पुसली. कुंकवातली बारीक रेती काचेवर करकरली.

हळद गेली. तिच्या जागी, अगदी मधोमध, ओरखडेच ओरखडे. एवढ्या फिक्या उजेडासाठी ती काच आता गेलीच म्हणायची.

"हे पाय, काय केलं तुनं!" तो आईवरच खेकसला. "गेलं माहं वर्स!"

तुळसाबाईंनी काचेकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या दुपट्ट्याकडं. आता त्यांचाही पारा चढला. "चिल्लावू नको. मले एकडाव तरी दाखवाचं होतं, कोठून पायतेत आन् काय दिसते. मंग म्या तिच्या डोयाले बोट लावलं असतं काय?"

हरीओमनं नळीवरचा हार ओरबाडला आणि परसात भिरकावून दिला.