गोवरात पालथी घातलेली कढई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. बुडाला भोक पडल्यापासून अंगणात पडून असते. कोंबड्या माझ्यातले दाणे टिपतात. खरे सांगते, आता थकले आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला मोडीत जायचे नाही.

शिरूर अनंतपाळच्या बाजारात एका घिसाड्याने मला ठोकून घडवले. भामाबाईने सून आली त्या वर्षी मला घरी आणले. सुनेचे नाव कस्तुराबाई. तिच्या हातचे पिठले माझ्यातच खुलते, असे सगळे म्हणत आणि मी फुशारून जाई.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कस्तुराबाई दिवसभर खडी फोडी. तिची लेक नागु पातळ कण्यांवर वाळून गेली होती. तशातच तिला गोवर निघाला. गोवरात फोडणी दिली की देवी कोपते, म्हणून भामाबाईने मला चुलीमागे पालथे घातले. पोरीला नुसते कण्यांचे पाणी मिळाले. गोवर मावळला, पण मागून छातीत कफ भरला. त्याच्याशी झुंजायला त्या अंगात काही उरलेच नव्हते. नागु गेली, तेव्हाही मी पालथीच होते.

लातूर जिल्हा झाला त्या साली, ब्याऐंशीत, नागुच्या पाठच्या भुजंगाला गोवर निघाला. मी पुन्हा चुलीमागे. नर्स सिंधुताई आल्या, त्यांनी पोराला औषध पाजले.

“खायला काय देता?”

“कण्यांचं पाणी. फोडणी चालत न्हाई, बाई,” भामाबाई म्हणाली.

“फोडणी नका देऊ, मावशी, पण जेवू घाला. गोवर अंगातली ताकद खाऊन जातो. उपाशी अंग पुढचं दुखणं कसं अडवंल? मऊ खिचडी, तेल, पालेभाजी, अंडं, पचंल तसं द्या.”

सिंधुताई गेल्या. मग कस्तुराबाईने मला सुलटे केले.

“आत्याबाई, देवी कोपली तर माझ्यावर कोपू द्या. एक लेकरू उपाशी धाडलंय मी.”

मग भामाबाईनेच तेलाची बुधली पुढे सरकवली.

माझ्यात तांदुळजा घालून खिचडी शिजली. भुजंग घास घास खाऊ लागला आणि हळूहळू सावरला. त्या पहिल्या दिवशी माझी खरवड काढताना कस्तुराबाई पुटपुटली, “नागे, तुलाबी भूक व्हती गं.”

मित्रांनो, घरात लेकरू आजारी पडले तर कढई पालथी घालू नका.